अण्णांची अर्धी जीभ

आमच्या गल्लीत झोप लागते ती मागांच्या खडखडाटातच. घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांची शेडं आहेत. दुपारचे साडेतीन वाजलेत. मी खाटेवर उजव्या कुशीवर पडलोय. डाव्या कुशीवर झोपायचं वर्षापूर्वी सोडलं. दुखण्याची गोळी घेऊन अर्धा तास झालाय आणि गालातली ठणक हळूहळू दुसऱ्या कुणाची तरी व्हायला लागलीय. राजमती, माझी बायको, शेजारच्या शेडात सुताच्या कांड्या भरायला गेलीय. पाच वाजता कामगार खात्याचा साहेब माझा जबाब घ्यायला येणार आहे. काय बोलायचं ते ठरलंय. सुकुमार, राजमतीचा भाऊ, सकाळीच टाईप केलेला कागद देऊन गेला. "दाजी, सही करा आणि मिटवा," म्हणाला. कागद फळीवर साखरेच्या डब्याखाली आहे. साहेबानं वाचून दाखवल्यावर मला फक्त मान हलवायचीय.

डोळे मिटतात. मागाचे ठोके लांब लांब जातात. मग एका ठोक्याच्या आणि दुसऱ्या ठोक्याच्या मध्ये कुणीतरी येऊन खाटेच्या कडेला बसतं. खाट त्या बाजूला कलते.

"जागा हाईस काय रं, जिनू?"

हा आवाज मी हजारात ओळखीन. त, द, ज, र सगळे एकाच चिखलात रुतलेले. फक्त ओठांवरचे प, ब, म तेवढे धडधाकट. परक्या माणसाला यातलं काही कळणार नाही. मला सगळं कळतं.

"अण्णा," मी म्हणतो, "तुम्ही तर श्रावणात..."

"गेलो की. मग? बसू नको?"

"बसा की."

अण्णा कोण ते सांगतो. महिपती दाभोळे आमच्या भागातले कुस्तीचे निवेदक. मैदानात लाऊडस्पीकरवरून कोण पैलवान कुठल्या तालमीचा, कुणी कुठला डाव टाकला, कोण चितपट झाला, हे सांगणारा माणूस. तीस वर्षं त्यांनी ते केलं आणि ती तीसही वर्षं गालात तंबाखूचा बार धरला. जिभेच्या कडेला जखम झाली, ती सहा महिने अंगावर काढली. मिरजेच्या दवाखान्यात आमची गाठ पडली. तिथं जबड्याच्या वॉर्डात एका रांगेला हाडं मोडलेले असायचे आणि समोरच्या रांगेला कॅन्सरचे. मोडलेल्यांच्या रांगेत जागा नव्हती म्हणून मला कॅन्सरवाल्यांत टाकलं, अण्णांच्या शेजारी.

माझ्या अंगावर धोटा उडाला होता. मागाचा धोटा म्हणजे हातभर लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या, मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारणारा. तो सुटून अंगावर येऊ नये म्हणून मागाला पुढून एक लोखंडी सळी असते. आमच्या शेठनं सगळ्या मागांच्या सळ्या जॉबरकडून, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याकडून, काढून घेतल्या होत्या, कारण सळी आड आली की तुटलेला धागा जोडायला वेळ लागतो आणि कापड कमी निघतं. चौदा नंबरच्या मागाचा धोटा माझ्या डाव्या गालात घुसला. खालचा जबडा दोन जागी मोडला, गालाचं हाड आत बसलं. चार दात जमिनीवर पडले. पलीकडच्या मागावर काम करणाऱ्या सुकुमारनं ते सुताच्या कचऱ्यातून वेचून रुमालात बांधून घेतले आणि मिरजेपर्यंत मुठीत धरून आणले. डॉक्टर काहीतरी करतील, परत लावतील, अशी त्याला आशा.

तिथल्या डॉक्टर कित्तूर मॅडमनी माझ्या जबड्यात प्लेटा बसवल्या आणि वरचे दात खालच्या दातांना तारांनी बांधून टाकले. सहा आठवडे. ताक आणि पेज, तीही नळीनं. अण्णांची अर्धी जीभ आणि डावीकडचा जबडा गेला. पायाचं हाड काढून त्यांना जबडा केला, मनगटाजवळची कातडी काढून जिभेला शिवली. दोघंही मुके. आमच्या मध्ये एक पाटी होती. शुद्धीवर आल्यावर अण्णांनी पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं ते हे: पायाचं हाड तोंडात घातलंय, आता चालता चालता बोलणार. आणि पुसून दुसरं: हाताची कातडी हाय, जिभेला केस आले तर न्हावी बघून ठेव. तारांच्या मागे हसताना मला अशी कळ आली की डोळ्यांतून पाणी आलं.

पट्ट्या सुटल्या त्या दिवशी मॅडमनी आरसा आणला. मी तोंड भिंतीकडं केलं. अण्णांनी आरसा हिसकावून घेतला, अर्धं तोंड या बाजूनं, अर्धं त्या बाजूनं नीट बघितलं, आणि खाटेवर बसल्या बसल्या मांडीवर फटकन शड्डू ठोकला. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. नाकात नळी, गळ्याला टाके, आणि हा माणूस शड्डू ठोकतोय. मॅडम म्हणाल्या, "दाभोळे, टाके सुटतील." त्यांनी पाटीवर लिहिलं: सुटू देत, परत घाला.

हे सगळं आठवतंय तोवर माझी खाट चालायला लागलीय. चाकं कुठून आली कळत नाही. वर वॉर्डातल्या ट्यूबलाईट एकामागून एक सरकतायत, आणि मग त्या ट्यूबलाईट नाहीत, वर कोरं कापड पसरलंय, मागावरून नुकतं उतरलेलं, अजून खळीचा वास असलेलं. अण्णा खाटेसोबत चालतात. लंगडत चालतात, हाड काढलेल्या पायानं.

"मेल्यावर तरी जीभ परत मिळाली नाही?" मी विचारतो.

"देत हुते. नको म्हटलं."

"का?"

"ती तंबाखूची हुती. ही माझ्या हाताची हाय."

मी हसतो, आणि हसताना लाज वाटते. कारण मला ठाऊक आहे ते आता काय विचारणार. तेही तेच विचारतात.

"मैदानातनं उठून का गेलास?"

चैत्रात नदीकाठच्या एका गावात कुस्त्या होत्या. अण्णांनी निरोप पाठवला होता: रेडिएशनचे शेक संपले, मी बोलणार हाय, ये. मी गेलो. तोंडाला रुमाल बांधून शेवटच्या ओळीत बसलो. पंचांनी नवा निवेदक आणला होता, पण शेवटच्या मोठ्या कुस्तीला अण्णांनी त्याच्या हातातला माइक मागून घेतला. पहिलं वाक्य बोलले आणि मैदान गप्प झालं. दुसऱ्या वाक्याला कुणीतरी हसलं. मग हसू पसरत गेलं. माझ्या पुढच्या दोघांनी त्यांची नक्कल केली, तोंडात बोळा कोंबल्यासारखी. मला वाटलं ते मला हसतायत. मी उठलो, लोकांच्या पायांवरून उड्या टाकत बाहेर पडलो आणि एसटी धरली. परत त्यांना भेटलो नाही. पावसाळ्यात त्यांच्या मानेत गाठ आली. श्रावणात गेले. मातीला सुद्धा गेलो नाही.

"अण्णा, माफ करा."

"माफी ऱ्हाऊ दे. फुडं काय झालं इचार."

"पुढं काय झालं?"

"काय बी न्हाई. हसणारी हसली. मी बोललो. कुस्ती निकाली झाली आणि निकाल मीच सांगितला. मग घरला जाऊन भाकरी कुस्करून खाल्ली."

"एवढंच?"

"मग? तुला काय वाटलं, हार घातले? कुणी न्हाई घातले. मी हारासाठी गेलो न्हवतो."

खाट थांबते. खाली लाल माती आहे. कुस्तीचं मैदानच, पण भोवती पायऱ्यांवर आमचा सगळा वॉर्ड बसलाय. कुणाचा डोळा झाकलेला, कुणाची हनुवटी पट्टीत, एक म्हातारी नाकातली नळी हातात धरून पुढं वाकून बघतेय. पांढऱ्या साडीतल्या सिस्टर सलाईनच्या बाटलीतून मातीवर ताक शिंपडतायत. कुणी रुमाल बांधलेला नाही. मीच एकटा.

"कुस्ती कुणाची?" मी विचारतो.

अण्णा बोट दाखवतात. मातीच्या मधोमध चौदा नंबरचा माग उभा आहे. जमिनीत बोल्ट ठोकून, शेडात असतो तसा. मागापुढं सुकुमार. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, केसांत कापूस. माझ्या जागेवर आता तोच असतो, आठ महिने झाले. मागाला सळी नाही.

अण्णा माझ्या हातात माइक देतात. "बोल."

"काय बोलू?"

"दिसतंय ते."

"तुम्हीच बोला की. तुम्हाला येतं."

"माझी कुस्ती झाली. ही तुझी हाय."

मला राग येतो. इतके दिवस साठलेला राग, आणि तो नेमका या माणसावर निघतो. "तुम्हाला बोलायला काय जातंय, अण्णा? तुम्ही मेलाय. मला याच गल्लीत ऱ्हायचंय. शेठ म्हणतोय, सळी मीच काढली असं लिहून दे, गेटवर बसवतो. या तोंडानं मला दुसरं कोण काम देणार? दुकानात गेलो तर पोरं आईच्या मागं लपतात. मला कुणासमोर उभं ऱ्हायचं नाही. कागदावर सही करतो आणि गप्प बसतो. कुणाचं काय जातंय?"

अण्णा रागावत नाहीत. मागाकडं बघत राहतात.

"त्याचं," म्हणतात.

धोट्याचा आवाज बदललाय. वीस वर्षं माग चालवलेल्या माणसाला ते कळतं. ठोका किंचित उशिरा पडायला लागतो, धोटा पेटीत बसताना थरथरतो. सुटायच्या आधी तो असाच वाजतो. मी वर्षापूर्वी ऐकला होता, आणि एवढा एक धागा जोडून घेऊ म्हणून वाकलो होतो. आता सुकुमार वाकतो. त्याचा डावा गाल बरोबर त्या रेषेत येतो.

मी ओरडायला जातो. तोंड उघडत नाही. दात तारांनी बांधलेले आहेत. मी जबडा ताणतो, तारा हिरड्यांत रुततात, आवाज नाकातून येतो, कण्हल्यासारखा. माइकमधून ते कण्हणं सगळ्या मैदानावर पसरतं. मी अण्णांकडं वळतो, तोंडाकडं बोट करून दाखवतो: तारा, तारा.

"कसल्या तारा?" अण्णा म्हणतात. "मॅडमनी सहाव्या आठवड्यातच काढल्या. मी शेजारी बसलो हुतो. ट्रेमधी टाकताना वाजत हुत्या. वरीस झालं, जिनू. तारा न्हाईत तोंडात."

मी मान हलवतो. आहेत. मला लागतायत.

"तोंड दाखवायला न्हाई दिलेलं," अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणतात, त्यांचा ओला श्वास कानाला लागतो, "बोलायला दिलंय. लोकं बघतील. बघू देत. हसतील. हसू देत. माझी निम्मी जीभ कापली तरी मी तिचं काम सोडलं न्हाई, आणि तुझी अख्खी हाय लेका, अख्खी. काय लोणचं घालायचंय तिचं?"

धोटा थरथरतो. एक फेरी. दुसरी. सुकुमार अजून वाकलेलाच. त्याच्या हातात तुटलेल्या धाग्याची दोन टोकं, आणि त्याचं तोंड असं शांत, लहानपणी राजमतीच्या मागं मागं आमच्या लग्नात फिरायचा तसं.

माझ्या तोंडात काहीतरी फाटतं.

"माग बंद कर! सुकुमार! बंद कर माग!"

माझाच आवाज मला उठवतो.

मी खाटेवर ताठ बसलोय. अंग घामानं भिजलंय. आणि सगळीकडं शांतता. शेजारच्या शेडातले माग थांबलेत. आमच्याकडं अशी आरोळी ऐकली की कुणी विचारत बसत नाही. कुणाचा तरी हात, कुणाचा पदर अडकलाय असं समजून सगळे आधी माग थांबवायचा दांडा ओढतात. दारातून राजमती धावत आत येते, हातातली कांडी तशीच.

"कोण अडकलं? कोण ओरडलं?"

"मी."

ती जागच्या जागी थांबते. माझ्याकडं बघत राहते. वर्षभर मी घरात सुद्धा ओठ न हलवता बोलतो, पाणी दे, दार लाव, तेवढंच.

"तुम्ही?" ती म्हणते. "अहो, पार तिकडच्या टोकाला ऐकू आलं."

मग ती पुढं येते आणि माझ्या हनुवटीला हात लावते. तिची बोटं लाल होतात. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातला वण, कानापासून आलेला, चामड्यासारखा घट्ट, तो फाटलाय. जिभेला रक्ताची चव लागते. मी तोंड उघडून बघतो. दुखतं. पण उघडतं, गेल्या वर्षात उघडलं नव्हतं एवढं. राजमती आत डोकावते, जणू काही हरवलेलं तिथं सापडणार आहे.

"हळद लावते," म्हणते.

"थांब."

बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज येतो. दारात सुकुमार उभा, अगदी धडधाकट, डावा गाल शाबूत. त्याला बघून मला बरं वाटतं. त्याच्या मागं कामगार खात्याचा साहेब, काखेत बॅग.

"दाजी, साहेब आलेत," सुकुमार म्हणतो आणि त्याची नजर फळीवरच्या डब्याकडं जाते.

साहेब खुर्चीवर बसतो. तिशीतला असेल. माझ्या तोंडाकडं बघतो आणि लगेच कागदांकडं बघतो. सगळे तसंच करतात. "तुमचा लेखी जबाब तयार आहे असं कळलं," म्हणतो. "मग फक्त सही लागेल. तुम्हाला बोलायचा त्रास नको."

"त्रास न्हाई. बोलतो."

सुकुमार पुढं होतो. "दाजी, कागद हाय की फळीवर..."

"तो मी लिहिलेला न्हाई," मी म्हणतो. "साहेब, लिहून घ्या. जिनगोंडा पाटील, वय बेचाळीस. चौदा नंबरच्या मागाची सळी मी काढली नव्हती. शेठनं सांगितलं आणि जॉबरनं काढली. एका मागाची न्हाई, सगळ्या वीस मागांच्या. अजून बसवलेल्या न्हाईत."

एका दमात एवढं मी वर्षभरात बोललो नव्हतो. श, स नीट येत नाहीत, चार दातांच्या फटीतून हवा जाते, शिट्टीसारखा आवाज होतो. दाराशी शेजारच्या शेडातली दोन-तीन माणसं गोळा झालीत, अजून काय झालं ते बघायला. त्यातला एकजण हसल्यासारखा वाटतो. हसू दे.

साहेबाचं पेन थांबलंय. "हे तुम्ही म्हणताय," तो म्हणतो. "दुसरं कुणी सांगेल?"

राजमती भावाकडं बघते. नुसती बघते. सुकुमार भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं, मग स्वतःच्या पायांकडं बघतो. त्याच्या पायाच्या बोटांत कापसाची धूळ अडकलीय. मला कळतं तो काय तोलतोय. त्याला दोन मुली आहेत, आणि शेठचं घर याच गल्लीत आहे.

"सुकुमार," मी म्हणतो, "तुझ्यावर बळजबरी न्हाई. माझं मी सांगितलंय."

तो म्हणतो, अगदी खालच्या आवाजात, "आता त्या मागावर मी असतो, साहेब. सळी न्हाई. दाजींचा जबडा मोडला तवा पण नव्हती. मी पलीकडच्याच मागावर हुतो."

साहेब लिहायला लागतो. दोन ओळी लिहून वर बघतो, आणि या वेळी माझ्या तोंडाकडंच बघतो, नजर न काढता.

"पाटील, तुमच्या ओठातून रक्त येतंय. आधी पुसून घ्या. आपण थांबू."

राजमती पदर पुढं करते. मी तिचा हात बाजूला करतो. रक्ताचा थेंब हनुवटीवरून ओघळून शर्टावर पडतो.

"असू दे," मी म्हणतो. "तुम्ही लिहा."